कोपराखाली सहा बोटं

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेली एकदाची! बसमध्ये बसेपर्यंत सूचना चालूच — दूध उतू घालवू नका, गॅस बंद केला का बघा, बघितल्यावर परत बघा. लेकीचं पहिलं बाळंतपण. ही आता दीड महिना तिकडेच.

बस हलली आणि मी थेट मिस्त्रीच्या घरी. स्वयंपाकघर नवं करायचं. हिला अजिबात पत्ता लागू द्यायचा नाही. परत आली की दारातच थक्क झाली पाहिजे.

५ फेब्रुवारी, बुधवार

कारण लिहून ठेवतो, नाहीतर कुणी म्हणेल म्हाताऱ्याला हौस आली.

हिचा उजवा खांदा. केस विंचरताना तोंड वाकडं करते, आणि मी बघितलं की लगेच सरळ करते. डॉक्टरीणबाईंनी दोन प्रश्नांत ओळखलं — "ओटा उंच आहे का हो तुमचा?" आहे. घर घेतलं तेव्हापासून आहे. आधीच्या मालकांची बायको ताडमाड असावी. चिरायचं, मळायचं, ढवळायचं — हिचं कोपर दिवसभर वर. मधे पायाखाली लाकडी पाट घेऊन पाहिला. त्यावरून घसरून पडली, तोही बंद झाला. "ओटा खाली घ्या, नाहीतर खांदा कायमचा धरेल." हे ऐकून वर्ष झालं. ही म्हणते, कशाला उगाच खर्च, मला सवय झालीय.

सवय म्हणे!

तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं मी. एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही. मग एक ओटा होणार नाही?

८ फेब्रुवारी, शनिवार

तयार स्वयंपाकघरांच्या दुकानात जाऊन आलो. टाय लावलेल्या पोराने आधी थंड पाणी दिलं, मग आकडा सांगितला. पाणी त्याचसाठी होतं! म्हटलं, यात आचारी पण मिळतो का? तो हसला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. बाजूला ठेवलेली रक्कम आहे तेवढीच आहे, एक पैसा वर नाही. म्हणून —

जुनी कपाटं तीच, फक्त दारं नवी रंगवायची. नळ तोच, वायसर नवं. भांडी घासायचं सिंक मोडीच्या बाजारातून — चक्क कोरं मिळालं, एका कोपऱ्यात बारीक पोचा आहे, तो भिंतीकडे करू. दगड मात्र चांगला घ्यायचा. काळा. तुकडा उरलेला मिळाला तर निम्म्यात पडेल, असं मिस्त्री म्हणाला.

मेव्हणा फोनवर म्हणतो, "भावजी, खिडकीसमोर ओटा घेऊ नका, वाऱ्याने गॅस विझतो." सल्ला देण्यात याचा हात कोण धरणार! फक्त बहिणीपाशी बोलू नकोस म्हटलं, तेवढं कर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जुना ओटा फोडला. घरभर धूळ, नाकात धूळ, चहात धूळ. गॅस गॅलरीत मांडलाय. मला चहा येतो आणि अंडं उकडता येतं. यादी संपली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मिस्त्रीशी वाजलं.

विटा रचायला घेतल्या आणि म्हणाला, "साहेब, ताईंना बोलवा."

"ती गावाला आहे."

"मग माप कसं घेऊ? बाई सरळ उभी राहते, हात कोपरात वाकवते, कोपराखाली सहा बोटं सोडली की ओटा. आम्ही असंच करतो. कागदावरून ओटा होत नाही."

"आकडा मी देतो ना तुम्हाला."

"ताईंची उंची ठाऊक आहे तुम्हाला?"

पस्तीस वर्षं संसार केलाय म्हटलं! पण ठाऊक नव्हती. खरंच नाही! हिच्या चपलेचा नंबर माहीत आहे, चष्म्याचा आहे, रक्तगट आहे. उंची — माझ्या कानापर्यंत? डोळ्यांपर्यंत? शेजारी उभं राहून बघितलंय कधी?

संध्याकाळी फोन केला. इकडचं तिकडचं बोलून म्हटलं, "तुझी उंची किती गं?"

"का? दुसरी बघायला निघालात की काय?"

लेक मागे हसत होती. पुढे काही विचारायची सोय राहिली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!

बैठकीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. लेक दुसरीत असताना एका रविवारी तिने हट्ट धरला — सगळ्यांची उंची घ्यायची. तिची खूण, तिच्या आईची, माझी. माझी सर्वांत वर, हिची दोन बोटं खाली. शेजारी तारीखसुद्धा, लेकीच्या गिचमिड अक्षरात. घराला दोनदा रंग दिला, पण ही चौकट मी रंगाऱ्याला करू दिली नव्हती. तेव्हा ही म्हणाली होती, काय एकेक खूळ!

याला म्हणतात लेखी पुरावा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुरावा मिस्त्रीला दाखवला. आता एवढी उंची असली तर कोपर कुठे येईल, त्याचं त्रैराशिकही मांडून दिलं.

तो चौकटीकडे बराच वेळ बघत राहिला. "साहेब, खूण फार जुनी आहे."

म्हटलं, "उंची काय दुधासारखी आटते का?"

तो हसला आणि विटा रचायला लागला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दगड आला. उरलेला तुकडाच, पण काय चकाकतो! दोन बाजूंच्या भिंतींवर ठेवला, पाणसळ लावली, बुडबुडा बरोबर मधे.

मिस्त्री म्हणाला, "आज नुसता ठेवून जातो. गॅस ठेवा, वापरा. ताई आल्या की एकदा उभ्या राहतील, मग सिमेंटने पक्का करू. माझी एक फेरी जास्त होईल, तिचे पैसे नकोत."

माणूस भला आहे. पण ही येणार, आणि दगड डुगडुगणार? अर्धवट कामावर मी कधी सही केली नाही.

"पक्का करा," म्हटलं.

"बघा हं."

"बघितलंय. करा."

२६ फेब्रुवारी, बुधवार

मुलगी! सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. दोघी सुखरूप. हिचा आवाज फोनवर इतका कोवळा झाला होता की क्षणभर ओळखलाच नाही. मी आजोबा. लिहून बघितलं. आजोबा.

२ मार्च, रविवार

कपाटांची दारं गॅलरीत ओळीने उभी करून रंगवली. पिस्ता रंग. डब्यावर पिस्ता लिहिलंय, भिंतीशी लावल्यावर सरकारी दवाखाना वाटतो. दुसरा डबा परवडत नाही. आता हाच आवडून घ्यायचा.

वायसर बदलूनही नळ ठिबकतोच.

७ मार्च, शुक्रवार

नळ थांबला. वायसर उलटं बसवलं होतं. मीच. कुणाला सांगणार नाही.

१५ मार्च, शनिवार

सगळं झालं. पैसे संपले आणि काम संपलं, दोन्ही एकाच दिवशी! डबे उंचीप्रमाणे लावले, प्रत्येकावर चिठ्ठी. तीन वेळा दगड पुसला. उद्या येतेय.

१६ मार्च, रविवार

आली. बॅग माझ्या हातात देऊन सवयीने आत गेली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अगंबाई!"

एवढंच. मग एकेक कपाट उघडलं. चिठ्ठ्या वाचल्या. दगडावरून पालथा हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सिंकचा पोचा बरोबर शोधून काढला आणि हसली. "एवढं सगळं तुम्ही? एकट्याने? आणि मला फोनवर अंड्यांच्या गोष्टी सांगत होता!" पदर डोळ्यांना लावला. पिस्ता रंग आहे, म्हणालो.

"थांबा, पहिला चहा मी करते."

आलं किसायला घेतलं तिने. मी दारात उभा. आणि बघितलं — उजवा खांदा वर. कोपर बाहेर. तसंच, अगदी तसंच! जुन्या ओट्याइतकं नाही, पण वर.

"उंच होतोय का गं?"

"छे हो! छान झालाय." पाठ माझ्याकडेच होती. मग हळूच म्हणाली, "होईल सवय."

चहा कडू लागला. साखर घातलेली होती.

१७ मार्च, सोमवार

सकाळी तिला चौकटीपाशी उभं केलं. आधी हसत होती. डोक्यावर पट्टी धरली, खूण केली.

जुन्या खुणेखाली तीन बोटं.

पुन्हा घेतली. टाचा टेक, ताठ उभी राहा म्हटलं. "ताठच आहे हो," म्हणाली. तीन बोटं.

डॉक्टरीणबाई हाडांच्या गोळ्या देतात, त्या आणायला मीच जातो. हाडं झिजली म्हणजे बाई खचते, हे मला कळायला पट्टी लागली. एवढी वर्षं रोज समोर होती आणि मी मात्र लेक दुसरीत असतानाची ही मनात धरून बसलो. ओटा तिच्यासाठी बांधला. ती आता या घरात राहत नाही.

मी गाढव आहे.

मिस्त्री येऊन गेला. दगडाला खालून टिचकी मारली, मान हलवली. काढायला गेलं तर तडकणार, नवा घ्यायला पैसे नाहीत. "मी म्हणालो होतो," असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

१८ मार्च, मंगळवार

दिवसभर गॅलरीत बसून होतो. संध्याकाळी ही स्वतःच पट्टी घेऊन आली. "आता तुम्ही उभे राहा."

"माझं कशाला?"

"उभे राहा म्हणते ना!"

राहिलो. तिचा हात वर जात नाही, म्हणून खुर्चीवर चढायला लागली. ओरडलो तिच्यावर. शेवटी मीच डोक्यावर पट्टी धरली, तिने खालून बघितलं आणि खुदकन हसली.

"तुम्ही पण आटलात!"

दोन बोटं. बरोबर तिच्या जुन्या खुणेवर येऊन थांबलोय मी. दुधाची गोष्ट हिला कुणी सांगितली? मिस्त्रीच असणार.

१९ मार्च, बुधवार

सकाळी ओट्याशी जाऊन सरळ उभा राहिलो. हात कोपरात वाकवला. दुसऱ्या हाताने मोजलं.

सहा बोटं.

हिला खुर्ची आणून दिली, समोर. ती सांगत गेली, मी चिरत गेलो. कांदा जाड, मीठ दोनदा, फोडणी करपली. "जन्मात असली भाजी खाल्ली नाही," म्हणाली, आणि दोनदा वाढून घेतली.

आज खांदा दुखला नाही, असंही म्हणाली.