हिनात्सु रेडिओचा अपूर्ण इतिहास

प्रिय इसाओ,

‘प्रिय’ लिहावं की ‘मोमोसे-सान’, यात माझी अर्धी सकाळ गेली. कंपनीतली शेवटची सगळी वर्षं आपण एकमेकांना आडनावानेच हाक मारली, तीही अहोजाहो करून. पण हे पत्र कंपनीचं नाही.

परवा तुझी लेक चिहारू माझ्याकडे येऊन गेली. डोळे थेट तुझे. मी तिला चहा दिला, घरचं नोझावानाच्या पाल्याचं लोणचं दिलं. ती का आली होती ते पुढे सांगते. आधी इथली बातमी. आपली कॉइलची इमारत गेल्या महिन्यात पाडली. त्या जागी आता मोटारी उभ्या राहतील. ज्यांनी कंपनी विकत घेतली त्यांनी हिनात्सु हे नाव तर सात वर्षांपूर्वीच पुसलं होतं, भिंती तेवढ्या उरल्या होत्या. माझी आई त्याच भिंतींत रेशमाचे कोष उकळायची, आणि युद्धानंतर थोरल्या हिनात्सुंनी बंद पडलेली ती गिरणी घेतली तेव्हा त्याच बाकावर बसून रेडिओच्या कॉइल गुंडाळू लागली. पंधराव्या वर्षी मी तिच्या शेजारी बसले. हे तुला ठाऊक आहे. कंपनीच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात तू ते फार छान लिहिलं आहेस; ‘रेशमाला सरावलेली बोटं तांब्याच्या तारेला लागली’ असं. बोटं कुणाची, ते मात्र लिहिलं नाहीस.

तू टोकियोहून शिकून आलास तेव्हा पंचवीस वर्षांचा होतास आणि तुझा ट्यूनर चालत नव्हता. स्टेशन लावलं की अर्ध्या तासात ते सरकायचं. पेटी तापली की कॉइल सैल होते, एवढं तू शोधलं होतंस. उपाय सापडत नव्हता. चार महिने तू आमच्या बाकामागे उभा राहायचास. बाया हसायच्या, म्हणायच्या, ‘मित्सुए, तुझा इंजिनियर आला बघ, त्याला पण गुंडाळून टाक एकदा.’ एका दुपारी मी तुला म्हटलं, ‘आई ओला धागा गुंडाळायची, तो वाळला की आवळायचा. तार गरम करून गुंडाळली तर गार झाल्यावर आवळून नाही बसणार?’ मी शेगडीवर तार धरली, चिनीमातीच्या नळीवर गुंडाळली, बोटांना फोड आले. पाचव्या कॉइलला स्टेशन जागचं हललं नाही. आपण दोघं संध्याकाळपर्यंत एकच स्टेशन ऐकत बसलो, त्यावर हवामानाच्या बातम्या चालल्या होत्या.

त्या ट्यूनरमुळे हिनात्सु रेडिओ अमेरिकेत पोचली. तुला बक्षीस मिळालं, सुवर्णपदक छातीवर लावून तू थोरल्या हिनात्सुंच्या शेजारी उभा राहिलास. दोन वर्षं आपण रोज तळ्याकाठून घरी जात होतो. मग एक दिवस त्याच तळ्याकाठी तू सांगितलंस की संचालकांच्या भाचीशी तुझं ठरलं आहे. म्हणालास, ‘मित्सुए, तू समजूतदार आहेस.’ मी खरंच समजूतदार होते. लग्नात तुला मी वाकून नमस्कार केला आणि महिन्याभरात कॉइलचं बाक सोडून कर्मचारी विभागात बदली मागून घेतली.

पुढची तीस वर्षं कंपनी कशी फुगली आणि कशी बसली ते तुझ्या कागदांत आहे. मोठाले स्टिरिओ, मग मोटारीतले रेडिओ, मग सीडीच्या चकत्या, मग कारखाना मलेशियाला. एके दिवशी आमच्या विभागाचे प्रमुख कुराशिमासाहेब यांनी मला एक यादी दिली. म्हणाले, काढून टाकायचं नाही, लोकांनी आपणहून जायला हवं. यादीत तुझं नाव होतं. तिसऱ्या मजल्यावरची कोठाराची खोली तुला दिली, फोन काढून घेतला आणि तुला सांगितलं गेलं की कंपनीच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहा. तो कुणीही छापणार नव्हतं. कागद तपासायला मी होते.

तू ते खरं मानलंस. म्हाताऱ्या बायांच्या घरी गेलास, जुनी पत्रं काढलीस, आणि दोन महिन्यांनी पहिला खर्डा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलास. ‘कोगुची-सान, आपण बघून घ्यावं.’ मी एका बैठकीत वाचला. ट्यूनरच्या प्रकरणात लिहिलं होतं, ‘बऱ्याच प्रयोगांनंतर उपाय सापडला.’ मी तांबड्या पेन्सिलीने वर लिहिलं, अपूर्ण.

अकरा वेळा तू लिहिलंस, अकरा वेळा मी तेच लिहिलं. सहाव्या वेळी तू विचारलंस, ‘काय राहिलंय, कृपा करून सांगा.’ मी म्हटलं, ‘ते तुम्हालाच ठाऊक.’ तू महिनाभर विचार केलास आणि एकसष्ट सालच्या संपावर नवं प्रकरण लिहून आणलंस. नवव्या वेळी फाटकावरच्या कुत्र्याचं नाव आलं, खाणावळीतल्या शेवयांच्या रश्शाची चव आली. बाया तुला जिन्यात बघून बाजूला व्हायच्या. तुझे केस गेले, कोटाच्या कोपरांना ठिगळं आली. दर वेळी मी ट्यूनरचं पान आधी उघडायची. बऱ्याच प्रयोगांनंतर उपाय सापडला.

आता हे ऐक. कुराशिमासाहेबांनी मला तीनच महिने सांगितले होते. तेवढ्यात माणूस गेला नाही तर त्याला मात्सुमोतोच्या दुरुस्ती केंद्राचा प्रमुख करा, असा कागद माझ्या टेबलावर होता. तुझ्या हाताखाली वीस माणसं असती, यंत्रं असती. मी कळवलं की मोमोसे-सान लिखाणात रमले आहेत, त्यांना इथेच राहायचं आहे. ती जागा दुसऱ्याला गेली. पुढची तीन वर्षं कंपनीने नाही, मी तुला त्या खोलीत ठेवलं. तू राजीनामा दिलास त्या दिवशी मी दुपारचं जेवण पोटभर जेवले. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

चिहारू यासाठी आली होती की गावच्या संग्रहालयाला आता तो इतिहास छापायचा आहे आणि तुझ्याकडे एकही प्रत नाही. ती म्हणाली, ‘बाबा सांगतात, कंपनीत ते मन लावून वाचणारं एकच माणूस होतं, कोगुची-सान. त्यांच्याकडे नसेल तर कुठेच नाही.’ मी नाही म्हणून सांगितलं. ती दारात वाकली आणि गेली. इसाओ, अकराही खर्डे माझ्या कपाटात आहेत. संग्रहालयाची मुदत महिनाअखेरीची आहे. मला माफी नको. ट्यूनरच्या प्रकरणासाठी अर्धं पान हवं: तार कुणी गरम केली, बोटं कुणाची भाजली, नावासकट. ते पोचलं की सगळं बाड चिहारूच्या हाती देईन. नाही पोचलं तर एक तारखेला न्हाणीचा बंब पेटवायला मला कागद लागतीलच. अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझा उजवा हात चालत नाही असं ती म्हणाली. लेकीला सांगून लिहवून घेऊ नकोस. डाव्या हाताने लिही, वेळ लागेल, लागू दे. आणि माझ्या नावातलं ‘मित्सु’ हे चित्राक्षर ‘प्रकाश’ या अर्थाचं आहे, ते चुकवू नकोस.

एके काळी तुझीच,
मित्सुए कोगुची