मरणाला वन्समोअर

३ एप्रिल १९५८, येरमाळा

दुपारी बार्शीहून मोटारीनं येऊन पोचलो. येडाई देवीची यात्रा तोंडावर, रस्त्यात पाऊल ठेवायला जागा नाही. नाटक कंपनीचे मालक दत्तोपंत स्वतः सामान घ्यायला आले. जेवायला भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. दहा वर्षं सोलापुरात भालदार-चोपदार केले. इथं मी सरदार आहे, विष पिऊन मरणारा! शिवाय ट्रंकेत कोल्हापूरच्या स्टुडिओचं पत्र आहे. पंधरा तारखेला कॅमेऱ्यासमोर चाचणी. एकदाचं आमचं घोडं गंगेत न्हाणार.

५ एप्रिल

पहिला खेळ. लोक दिवसाउजेडी गावी परततात, म्हणून खेळ दुपारचा असतो. पाचच्या सुमारास मी मेलो आणि पहिल्या रांगेतून आरोळी आली, वन्समोअर! पानवाले शिवलिंगप्पा म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांची. मग काय, उठलो, पुन्हा विष प्यायलो, पुन्हा मेलो. तंबू टाळ्यांनी दणाणला.

दत्तोपंत मात्र लालबुंद. गाण्याला वन्समोअर घ्यावा, मरणाला कधी घेऊ नये, असा कंपनीचा जुना दंडक म्हणे. मला हसू आलं. स्वतःला कोणी टाळ्या देत नाही, म्हणून ही पोटदुखी! म्हातारा नंतर विडा घेऊन आला. म्हणाला, तुमी लई झ्याक मरता बगा, एकदा बघून मन भरत न्हाय.

६ एप्रिल

आज मेल्यावर काहीतरी चुकलं. डोळे मिटले आणि आवाजच थांबले. टाळ्या नाहीत, पेटी नाही. मग फार लांबून वन्समोअर ऐकू आलं, तेव्हा छातीत श्वास शिरला. राणीचं काम करणारी वनमाला माझ्यावर पडून रडते. तिनं विंगेत विचारलं, श्वास एवढा वेळ कसा कोंडता? नाकाशी हात धरला होता, तर काहीच लागेना. मी थट्टेवारी नेलं. उन्हानं चक्कर आली असेल.

७ एप्रिल

आज खेळ नव्हता. शिवलिंगप्पांच्या दुकानापुढं बसलो होतो. समोरच्या घड्याळात पाच झाले आणि मी बाकड्यावरून कोसळलो. विष नाही, नाटक नाही. म्हाताऱ्याला वाटलं, त्याच्यासाठीच करून दाखवतोय. खूश होऊन ओरडला, वन्समोअर! मी उठलो. मला भीती वाटते आहे.

८ एप्रिल

वनमालेला सगळं सांगून टाकलं. आजही खेळ नव्हता, पाचला ती माझ्याजवळ बसली होती. ती म्हणते, तिनं वन्समोअर म्हटलं, दत्तोपंतांनी म्हटलं, सगळी कंपनी ओरडली. मी गार पडत चाललो होतो. शेवटी म्हाताऱ्याला धरून आणलं. त्याच्या एका हाकेला उठलो.

म्हणजे त्याचाच आवाज लागतो. रोज.

दत्तोपंत रागावलेसुद्धा नाहीत. मी म्हाताऱ्याचे पाय धरले, गाव सोडू नका म्हणालो. माझ्याबरोबर कोल्हापूरला चला म्हणालो. तो घाबरून व्हय व्हय म्हणाला.

९ एप्रिल, सकाळ

शिवलिंगप्पांचा घसा बसला आहे. चार दिवस यात्रेत ओरडून ओरडून. पार बसला, शब्द फुटत नाही—

दुपारी दोन

हळद-दूध झालं. ज्येष्ठमध झाला. मिठाच्या गुळण्या. नुसती हवा येते—

चार

वैद्य म्हणाले, आठ दिवस बोलायचं नाही. आठ दिवस! मला एक शब्द हवा आहे—

पाचला दहा कमी

म्हातारा समोर बसलाय. ओठ हलवतो. ऐकू काहीच येत नाही. रडतो बिचारा. वनमालेनं त्याचा गळा शेकायला घेतलाय. दत्तोपंत कोपऱ्यात हात जोडून—

पावलं गार पडली. टाचांना जमीन जाणवत नाही.

गुडघे—

पंधरा तारखेला चाचणी आहे. मला खरंच मरायचं नाही. आई, मी हे काम नीट करत होतो गं, सगळे म्हणत हो