तीनशे बारा जणांना गेलेलं उत्तर

प्रिय दादा,

जिंकले मी. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तू पत्र अर्धवट वाचून खणात टाकशील. फोन तू उचलत नाहीस, ईमेल उघडत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. आपल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर काल मतमोजणी झाली. एकशे चाळीस विरुद्ध सदतीस! आता कुणी उत्तर पाठवलं की ते फक्त मूळ मेल लिहिणाऱ्याला जातं, पूर्वीसारखं सगळ्या लिस्टला नाही.

एवढीशी सेटिंग बदलायला मला चार महिने भांडावं लागलं. विरोधकांचा म्होरक्या अर्थातच मनोरेवाला. जन्मभर मनोऱ्यांवरची घड्याळं दुरुस्त केल्यामुळे तो सगळ्यांशी वरूनच बोलतो. त्याचं म्हणणं, लिस्ट ही सगळ्यांची बैठक आहे, इथे कानात कुजबुजायचं नाही. मी विचारलं, मग नुसत्या 'धन्यवाद'चे रोज चाळीस मेल कुणी वाचायचे? त्यावर एकाने मला शिष्टाचार शिकवला आणि खाली सगळं जुनं भांडण शेपटासारखं जोडून पाठवलं. दुसरा वैतागून 'मला यातून काढा' असं सगळ्यांनाच लिहीत सुटला, आणि बाहेर कसं पडायचं हे त्याला सगळ्यांनी सगळ्यांदेखत समजावलं. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

पण मी कशासाठी हट्टाला पेटले होते, ते तुला ठाऊक आहे. कारखान्यातल्या तुझ्या जुन्या जोडीदाराने लिस्टवर सहज विचारलं होतं, काम कसं चाललंय. उत्तर त्या एकट्यालाच जाईल असं समजून तू नेहमीसारखा मायना न घालता मनातलं लिहून मोकळा झालास. 'हात थरथरतात, दोन वर्षं झाली बारीक स्प्रिंग बसवता येत नाही, नाजूक कामं धाकटी बहीण करते आणि नाव माझं होतं.' ते तीनशे बारा जणांना गेलं. दुसऱ्या दिवसापासून तू लिस्ट सोडलीस आणि आपल्या दुकानात यायचंही बंद केलंस. मला तुझा फार राग आला, दादा. चिमटा धरायला मला शिकवलं कोणी? नाव तुझं झालं म्हणून माझं काय अडलं होतं? तुझं स्टूल रिकामं बघून मला काम सुचत नाही.

आता पुढचं ऐक. नवी सेटिंग लागल्याबरोबर मी लिस्टवर एकच ओळ टाकली: माझ्या दादाचे हात थरथरतात, आणखी कुणाचे? तू चिडशील, पण ते झाकायला आता उरलंय काय? जुनी सेटिंग असती तर एकानेही तोंड उघडलं नसतं. संध्याकाळपर्यंत मला एकटीला सव्वीस जणांनी 'माझेही' म्हणून कळवलं. त्यात तुझा तो जोडीदारही आहे.

सगळ्यात पहिलं उत्तर मनोरेवाल्याचं होतं. हरून तासही झाला नव्हता. त्याचे हात सहा वर्षं थरथरतायत, शिडी चढायची भीती वाटते, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, तू ते मुद्दाम सगळ्यांना लिहिलंस. इतकी हिंमत कुठून आणलीस, असं त्याने विचारलंय. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही. म्हणूनच हे पत्र. उद्या दुकानात ये आणि त्याला तू स्वतः लिही. ते त्याला एकट्यालाच जाईल, मी दोनदा तपासलंय.

तुझीच,
शेंडेफळ