पाकिटात घातलेली चिठ्ठी

डॉक्टरसाहेब,

मागच्या आठवड्यात मला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात तेवढा मी झालो. घरी शिरा झाला, माझ्या हाताखाली काम करणाऱ्या दोघी डॉक्टर मुलींनी हार आणला, आणि मी दिवसभर सगळ्यांवर उगीच खेकसत राहिलो. बायकोने विचारलं, काय बिनसलंय? म्हटलं, पोट बरं नाही. खरं म्हणजे सकाळी दाढी करताना आरशात बघून वाटलं होतं, या वयाचा माणूस काही म्हातारा नसतो. सव्विसाव्या वर्षी मात्र तुम्ही मला फार म्हातारे वाटायचात, आणि म्हाताऱ्यांचं बोलणं जसं अर्ध्या कानाने ऐकतात तसंच मी तुमचं ऐकलं. बायकोलाही हे कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगायचा प्रयत्न करतो.

देवळीच्या बाजारातला तुमचा तो दोन खोल्यांचा दवाखाना. पुढच्या खोलीत तुम्ही, मागच्या खोलीत कंपाउंडर, मिक्श्चरच्या बाटल्यांना चिकटवायच्या कागदी पट्ट्या कात्रीने कातरत बसलेला. पट्टीला जेवढ्या खाचा तेवढे डोस, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही कळावं. माझे बाबा तिकडे जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलायचे, मी स्कॉलरशिपवर नागपूरला मेडिकल कॉलेजात, आणि सुट्टी लागली की सकाळपासून तुमच्या बाकावर. जो रोगी तुमच्या आवाक्याबाहेरचा असेल त्याला तुम्ही वर्ध्याला नाहीतर नागपूरला पाठवायचात, हातात चिठ्ठी देऊन. सगळे डॉक्टर चिठ्ठी इंग्रजीत लिहून पाकीट चिकटवून देतात. तुमची चिठ्ठी मराठीत, चार ओळींची, आणि उघडी. मी एकदा विचारलं, असं का? तुम्ही म्हणालात, "ज्याच्या आंगात रोग हाय त्यालेच वाचता नाई आलं पाह्यजे, हे काऊन? घरी जाऊन कोणाकडून वाचून घेईन तो." वर्ध्याचे डॉक्टर हसायचे त्या चिठ्ठ्यांना. मीही एकदोनदा त्यांच्यासोबत हसलो आहे.

तुमच्या घरची, काकूंची एक गोष्ट आठवते. मी दुसऱ्या वर्षाला होतो. तोवर माझा चहा ओसरीवर यायचा, आणि त्याबद्दल ना त्या कधी काही बोलल्या ना मी. त्या दिवशी त्यांनी आतून हाक मारली, "बाबू, आत ये बरं." मी उंबऱ्याशी थबकलो. चुलीवर वरण उकळतंय, काकू पाटावर बसलेल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून म्हणतात, "हे सुजलं का रे? पाह्य." मी खाली बसतो, गुडघा दाबून बघतो, पुस्तकात वाचलं तेवढं सगळं विचारतो. तुम्ही दाराशी उभे. मी घाबरत घाबरत म्हटलं, शेक द्या, वजन टाकू नका. "डॉक्टरनं सांगतलं, म्हंजे आयकाच लागते," काकू म्हणाल्या, आणि माझं ताट तिथेच, चुलीपुढे वाढलं. गुडघा फारसा सुजलेला नव्हता. ते मला तेव्हाही दिसलं होतं. त्यांनी तो बेत तुमच्या सांगण्यावरून केला की स्वतःच्या मनाने, हे मी तुम्हा दोघांनाही कधी विचारलं नाही.

मी एम.बी.बी.एस. झालो त्या वर्षी तुम्ही मला एक वही दिलीत. मला वाटलं होतं, बी.पी. बघायचं यंत्र द्याल. वहीत तुमच्या अक्षरात नुसती माणसं होती: कोण रेल्वेत आहे, कोण पुलगावच्या गिरणीत, कोण तुरुंगाचा डॉक्टर, कोण मुंबईला सर्जनच्या हाताखाली, कुणाला कशाची आवड, कुणाशी कसं बोलावं. तुमच्यासारखेच चार वर्षांची पदविका घेतलेले जुने सोबती, त्यांचे साहेब, साहेबांचे जावई. मी पानं उलटली आणि हिरमुसून वही मिटली. दिवस बदलत होते आणि ते तुम्हाला माझ्याआधी दिसत होते. वऱ्हाड-नागपूर नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, सरकारी डॉक्टरांना आपली बदली कुठे होईल कळत नव्हतं, खेड्यांतून नवी आरोग्य केंद्रं निघत होती, आणि कंपन्यांची माणसं बॅगा घेऊन तयार गोळ्या विकायला देवळीपर्यंत येत होती. "माह्या मिक्श्चरचे दिवस भरले," तुम्ही म्हणायचात, आणि मग माझ्यापुढे एकेक वाट बोटांवर मोजायला बसायचात. सरकारी केंद्र घेतलंस तर गाव मिळेल, वर कुणी विचारणार नाही. रेल्वेत क्वार्टर, पण बदल्या. गिरणीत मालकाचा डॉक्टर व्हावं लागतं. मुंबईला जाऊन पुढे शिकलास तर सगळ्यात उत्तम. माझ्या दवाखान्यात ये, असं मात्र तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. म्हणाल म्हणून मी धास्तावलेला असायचो. म्हटलं नाहीत म्हणून आता रडू येतं.

तुमचा रागही एकदाच पाहिला. वर्ध्याला महिन्यातून एका रविवारी डॉक्टरांची बैठक व्हायची आणि तुम्ही सायकल सर्व्हिस मोटारीच्या टपावर टाकून यायचात, मागच्या खुर्चीवर बसायचात. मी तेव्हा वर्ध्यातल्या एका खाजगी इस्पितळात लागलो होतो. तुम्ही मला ओढत एका बड्या डॉक्टरपुढे नेलंत आणि म्हणालात, हा आमच्या देवळीचा. मी हात जोडले आणि म्हटलं, "माझी डिग्री बोलेल साहेब, ओळखीची गरज नाही." बाहेर आल्यावर तुम्ही सायकलला हात टेकवून उभे राहिलात. "तुले वाटते, लोकाईले डिग्री दिसते? तुह्या बापाचं नाव इचारतात आधी, मंग आळी इचारतात. मले मालूम हाय ते काय इचारतात. म्हणून मी तुह्या आधी जाऊन बोलून येतो, लेका." माझे कान तापले. त्याच दसऱ्याला आई-बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. घरातले देव गेले होते, मान वर झाली होती, आणि कुणाच्या बोटाला धरून कुठल्या दारात जायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुमचं बोट इतरांच्या बोटांसारखं नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. मी बोललोच नाही तुमच्याशी दोन आठवडे.

तुम्ही बोलत राहिलात. दर आठवड्याला एक पाकीट. अमक्याला भेट, तमक्याला माझं पत्र दाखव. चिठ्ठ्या उघड्या असायच्या आणि पत्रं पाकिटात, त्यामुळे पाकीट दिसलं की आत काय आहे ते मला न उघडताच कळायचं. मुंबईचे एक सर्जन त्या हिवाळ्यात वर्ध्याला येणार होते. त्यांच्याकडे जागा होती आणि मला ती हवी होती, पण तुमच्या शिफारशीशिवाय. ते ज्या रविवारी येणार, त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तुमचा कंपाउंडर औषधं न्यायला वर्ध्याला आला तो सरळ माझ्या ओ.पी.डी.त. हातात पाकीट.

"साहेबानं सांगतलं, आजच वाचजा म्हणाव."

"बरं."

"जरा थकल्यावानी वाटून राह्यले ते."

"या वयात थकणारच," मी म्हटलं आणि पाकीट टेबलाच्या खणात टाकलं. उघडलं तर ते पत्र सर्जनला दाखवायचा मोह होईल, अशी भीती होती. रविवारी मी त्यांना भेटलो, तुमच्या पत्राशिवाय भेटलो, छान बोललो, आणि सोमवारभर स्वतःवर खूश होतो.

मंगळवारी सकाळी कंपाउंडर पुन्हा आला. दारात उभा राहिला, टोपी हातात. "साहेब गेले," एवढंच म्हणाला. पहाटे तोंड धुवायला उठलात आणि मोरीपाशी बसलात ते बसलातच. मी खणातलं पाकीट खिशात घातलं ते का, मला माहीत नाही. तो मोटारीत पुढे ड्रायव्हरपाशी बसला, मी मागे. सेलू काट्याच्या अलीकडे कुठेतरी, कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता तेव्हा, मी ते उघडलं. शेवटचा उपदेश म्हणून.

पत्र नव्हतं ते. चिठ्ठी होती, चार ओळींची, मराठीत. रुग्ण पुरुष, वय अठ्ठावन्न, व्यवसाय डॉक्टरकी. तीन आठवडे चालताना छातीवर दाब, डावा हात जड पडतो. काल बसल्या जागी दरदरून घाम, नाडी मधूनच चुकते. पडून राहण्यास सांगितले, रुग्ण ऐकत नाही. आपण येऊन सांगितल्यास ऐकेल. घरी कळू देऊ नये. खाली सही. नोकरीबद्दल एक अक्षर नव्हतं.

घरी कळू नये म्हणून पाकीट! आयुष्यात एकच चिठ्ठी तुम्ही बंद केलीत आणि ती माझ्या नावाची. आणि वर्ध्याहून देवळी अवघी अकरा मैल, डॉक्टरसाहेब. मी एवढी वर्षं हृदयाचेच रोगी बघतोय. त्या काळी आमच्याकडे होतं काय? झोपवून ठेवायचं, मॉर्फियाचं इंजेक्शन द्यायचं, वाट बघायची. कदाचित तुम्ही तरीही गेला असतात. पण रविवारी मी तुमच्या खाटेपाशी बसलो असतो, तुम्हाला दटावलं असतं, सायकलला कुलूप घातलं असतं. तुम्ही फक्त तेवढंच मागितलं होतं, की कुणीतरी तुम्हाला रुग्ण म्हणावं. जन्मभर माझ्यासाठी दारं ठोठावलीत आणि स्वतःसाठी एकदाच, तेही माझं.

आता जे सांगायचं ते. ओसरीवर माणसं दाटलेली, काकू भिंतीला टेकून. त्यांचे डोळे कोरडे होते. कंपाउंडर रडत कुणालातरी सांगत होता, "मी शनवारीच चिठ्ठी नेऊन देल्ली होती हो, साहेबानं लिवली होती." काकूंनी मान वर केली. "बाबू, कायची चिठ्ठी? कवा भेटली तुले?"

सगळे माझ्याकडे बघतायत. जिनातले लोक, तुमचे कापडवाले भाऊ, माझे बाबा.

"आज सकाळी," मी म्हटलं. "निरोपाबरोबरच."

कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं होतं. वीस वर्षं तो डॉक्टरांच्या हाताखाली राहिलेला माणूस, डॉक्टर म्हणेल ते खरं, अशी सवय. त्याने तोंड मिटलं. काकूंनी त्याच्याकडे वळून इतकंच विचारलं, "शनवारपासून पिशवीतच ठेवली का रे?" त्याने मान खाली घातली. त्यानंतर गावात ते तसंच ठरलं. त्याला कुणी शिवी दिली नाही, कामावरून काढलं नाही. काढणारे तुम्हीच राहिला नव्हतात. फक्त काकू त्याच्याशी कामापुरतं बोलायच्या, त्यांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत. ते आजारपण मीच केलं, महिनाभर रोज जात होतो देवळीला. रोज वाटायचं, आज सांगू. त्या मला म्हणायच्या, "तुह्या हाती चिठ्ठी येळेवर पडली असती, तं साहेब वाचले असते." आणि माझा हात धरायच्या. मुंबईची जागा मला मिळाली होती, मी घेतली नाही. लोकांना वाटलं, गुरूच्या मायेने वर्ध्यात राहिला. मी लोकांना तसं वाटू दिलं.

मागच्या महिन्यात कंपाउंडर माझ्याकडे आला होता, चक्कर येते म्हणून. थकलाय आता, पण अजून ताठ बसतो. बराच वेळ खाकरला आणि म्हणाला, "साहेब, एक इचारू? ती चिठ्ठी मी तुमाले शनवारीच देल्ली होती ना? मले तं तसंच वाटे. पण लोकाईचं आयकून आयकून आता मलेच वाटून राह्यलं, का माह्याच पिशवीत राह्यली असन." मी त्याच्या दंडाला बी.पी.चा पट्टा गुंडाळत होतो. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. एका शब्दाचं काम होतं.

"काका, बोलू नका," मी म्हटलं, "आकडा चुकतो."

तो लगेच गप्प बसला.

हे पत्र टाकायचं म्हटलं तर तुमचा एकच पत्ता मला माहीत आहे, देवळीचा दवाखाना. तिथे मागच्या खोलीत अजून तोच राहतो. तुमच्या नावाचं जे काही येतं ते तोच घेतो, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतो आणि जपून ठेवतो. म्हणून टाकत नाही.