सही करील तो बसेल

९ मार्च, सोमवार
दहावीच्या पेपरला सुपरव्हिजन. पाय दुखून आले. घरी येऊन चहा टाकते तोच सु.चा फोन. जेवलीस का, आईचा गुडघा कसा आहे, शिराळ्यात ऊन वाढलं का, सगळं झाल्यावर हळूच, "अगं, एका हेलिकॉप्टरला स्नॅग निघालाय." हवेत गेलं की थरथरतं, खाली आणलं की गुण्यागोविंदानं उभं. उघडून बघितलं, परत जोडलं, परत तेच. मी म्हटलं, मग? तर म्हणे, "मग काय, शोधतोय." या माणसाचं लग्नापासून हे असंच. घर पेटलं तरी म्हणेल, जरा उकडतंय.
सरकारी विमान कारखान्यातल्या इंजिनिअरशी संसार केलाय, तिथल्या कॉलनीत बारा वर्षं काढलीत. सासूबाई पडल्या म्हणून इकडे आले, एवढंच. स्नॅग म्हणजे बिघाड, रोज निघतात, रोज मिटतात. पण न सापडणारा...


१० मार्च
सासूबाईंनी कमाल केली. काल फोन स्पीकरवर होता. त्यांनी ऐकलं, "नाग निघालाय"! सकाळी शेजारच्या अक्कांना सांगत होत्या, "आमच्या सुरेशच्या इमानात नाग निघालाय." नागपंचमीचं शिराळा हे, इथं नाग म्हटल्यावर काय बघायचं! दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला खबर. देव्हाऱ्यापुढं दुधाची वाटी.
"आत्या, नाग नव्हे, स्नॅग. बिघाड."
"व्हय व्हय. इंग्रजीत त्येला तसंच म्हनत आसतील."
हसून हसून पुरेवाट झाली. मग एकदम रडूच आलं. नाग असता तर किती बरं होतं. दिसला तरी असता. धरला असता, रानात सोडला असता.

१२ मार्च, गुरुवार
मार्चअखेरची घाई. ३१ च्या आत फौजेच्या ताब्यात द्यायचं म्हणून वरून तगादा. सु.चा साहेब म्हणतो, सापडत नाही म्हणजे नाही. 'तपासले, ठीक' लिहा आणि उडवा.
आणि त्यांच्या विभागातली पद्धत अशी की सही करील तो बसेल. ज्यानं 'ठीक' म्हणून सही केली, त्यानं पुढच्या उड्डाणात पायलटच्या मागं स्वतः बसायचं. कॉलनीत असताना मला याचं कोण कौतुक! आलेल्या पाहुण्यांना सांगायचे, आमच्या ह्यांचं काम असं चोख, स्वतः बसून दाखवतात. आता जीभ हासडून टाकावीशी वाटते.
भीती वाटते. सरळच लिहिते. आज पेपर वाटताना दोनदा मोजणी चुकली. पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, तुमी बसा, मी वाटते."

१४ मार्च
मीच फोन केला. "सही करायची नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे."
तर म्हणाला, "मी नाही केली तर मंजुनाथ करील."
"करू दे."
म्हणून गेले. आता परत घेता येत नाही. आणि खरं सांगायचं तर घ्यायचंही नाही.
मंजुनाथ आमच्या शेजारच्या क्वार्टरमधला. त्याची बायको शोभा, बेळगावची. मला टायफॉइड झाला तेव्हा हिनं दोन्ही वेळचं जेवण माझ्या घरात आणून, समोर बसून खायला घातलं होतं.

१६ मार्च, सोमवार
सु.नं नाही म्हणून सांगितलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, बायकोला विचारून नोकरी करता काय? म्हणू दे. मला हायसं वाटलं. आज पोटभर जेवले.
सही मंजुनाथनं केली. त्याचं प्रमोशन अडकलंय. उड्डाण शुक्रवारी.
संध्याकाळी शोभाचा मेसेज : "वहिनी, तुमच्या ह्यांनी सही का केली नाही की? काय आहे काय?"
मी लिहिलं, "काही नाही गं. सर्दीनं कानांना दडे बसलेत, वर जाववत नाही."
तिनं लगेच कानात घालायचं तेल सुचवलं. फोन पालथा ठेवला.

१७ मार्च
काही लिहावंसं वाटत नाही.

१८ मार्च
सासूबाईंनी सु.ला फोन लावायला लावला.
"गेला का रं नाग?"
"नाही गं आई, अजून सापडला नाही."
"मग तू बसू नगंस."
"नाही बसत."
"आन दुसऱ्या कुनालाबी बसवू नगंस. त्यो काय मानूस बघून डसतोय व्हय?"
 मी फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मी म्हटलं, "अहो, ऐकताय ना?" तर म्हणाला, "ठेवतो. काम आहे."
सासूबाईंना अजून नागच वाटतोय. आज मी समजावायला गेले नाही. भांडी घासत बसले, घासलेलीच परत घासली.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. ताटातली पोळी तशीच राहिली. सासूबाई म्हणाल्या, "सणासुदीचं त्वांड पाडून का बसलीयास?" काय सांगू?
शोभानं फोटो पाठवला. ती नव्या साडीत, शेजारी मंजुनाथ, दोघांच्या हातात श्रीखंडाची वाटी. सांगावं का तिला? सांगितलं तर ती नवऱ्याला अडवील. तो मागं सरला की साहेब परत सु.ला धरणार. फिरून माझ्याच दारात. एवढा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप होतो, याचीच मला लाज वाटते. मी भित्री आहे, आणि माझ्या भीतीची किंमत शोभानं मोजायची. वा गं बाई.
सु.चा शुभेच्छांचा फोन आला. फार गोड बोलला. उद्याचं ना त्यानं काढलं, ना मी.

२० मार्च, शुक्रवार
उड्डाण अकरानंतर. शाळेत कळवलं, येत नाही. अंघोळ केली आणि शोभाला फोन लावला. एका दमात बोलून टाकलं. "सर्दीबिर्दी काही नाही. खोटं बोलले मी. बिघाड सापडलेलाच नाही. मंजुनाथना थांबव."
ती शांतपणे म्हणाली, "ह्यांनी सांगितलं की हो मला काल सगळं."
"मग?"
"मग काय. लई रडले बघा मी. पण तुमचे हे घरी आले होते की रात्री. मीबी बसतो संगट म्हणाले. दोघं दोन्हीकडनं बघितलं तर थरथर कुठनं येती ते सापडंल म्हणाले. ते आहेत म्हणून सोडलं मी ह्यांना. तुम्हाला माहीत असेलच की."
"हो," म्हटलं. "माहीत आहे."
सु.चा फोन बंद. आत फोन नेऊ देत नाहीत, ते विसरलेच. लँडलाइन कुणी उचलत नाही. आता कुणाला अडवू? इथून शिव्या दिल्या तर त्याला ऐकू जाणार आहेत का? गळ्याची शपथ घातली होती मी. सही करू नका म्हटलं होतं. बसू नका, असं वेगळं म्हणायचं राहिलं.
शोभा म्हणाली, ठेवू नका वहिनी, मी एकटी आहे घरात. फोन चालूच आहे. स्पीकरवर टाकून समोर ठेवलाय, शेजारी हे लिहीत बसलेय, नाहीतर काय करू? तिच्याकडे नळ गळतोय. सासूबाई शेजारी येऊन बसल्यात.
कॉलनीतून धावपट्टी जवळ. पंख्यांचा आवाज यायला लागला. खिडकीची तावदानं वाजताहेत तिच्या.
शोभा म्हणाली, "उठलं बघा वहिनी."
मलाही ऐकू येतंय.