सहा महिने, तक्रार शून्य

२६ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. ऑफिसात माझ्या कामाची नोंद कोणी ठेवत नाही, तेव्हा मीच ठेवतो. पहिली नोंद: डोळ्यांच्या हॉस्पिटलची ऑपरेशनच्या अपॉइंटमेंटची वेबसाइट मी एकट्याने केली, तिला आज सहा महिने झाले. तक्रार शून्य. साहेबांना मुद्दाम केबिनमध्ये जाऊन हे सांगितलं. ते वा म्हणाले आणि त्यांनी फोन घेतला.
संकल्प: रोज लिहायचं. चिडायचं नाही. आमच्या कामातल्या चुका शोधायला ठेवलेल्या नव्या टेस्टरला डोक्यावर चढू द्यायचं नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
आईच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचा दिवस ठरला, १४ मार्च. ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेरगावचे. महिन्यातून एकदाच येतात, कधी येणार ते स्वतःच माझ्या वेबसाइटवर भरतात. तपासणीत त्यांनी आईला तोंडी सांगितलं, चौदाला या, मुलाला फॉर्म भरायला सांगा.
आईचा उजवा डोळा जन्मापासून अधू, सगळी भिस्त डाव्यावर. चार महिने तिच्या शिलाई मशीनवर झाकण आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या मास्तरांची पँट आखूड करायला घेतली आणि एक पाय दोन इंच जास्त कापला. मास्तर चालेल म्हणाले. आई रडली नाही, पण त्या दिवशी जेवली नाही.
बायको म्हणाली, सरळ हॉस्पिटलला फोन करून नाव लाव. मी म्हटलं, दारात विहीर असताना लोकांच्या नळावर कशाला जायचं? फॉर्म भरला. अकरा सेकंद लागले. मोबाइल नंबर माझा दिला, कारण आईला फोनवरचे आकडे दिसत नाहीत.

२९ फेब्रुवारी, गुरुवार
टेस्टर आज माझ्या टेबलापाशी आली. येऊन तीन आठवडे झाले नाहीत, वय माझ्या भाचीएवढं. मी तिचं नाव शंकाबाई ठेवलंय (मनात). म्हणाली, फॉर्ममध्ये तारीख भरली की रिसेप्शनच्या यादीत ती एक दिवस आधीची दिसते. कुणाची, विचारलं. म्हणाली, सगळ्यांची.
उचलली जीभ, लावली टाळ्याला!
तिचं म्हणणं, निव्वळ नोंद म्हणून: फॉर्ममधून नुसती तारीख येते, वेळ येत नाही. माझा कोड तिला रात्री बाराची वेळ चिकटवतो. आपला सर्व्हर लांबच्या देशात आहे, आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाची दुपार असते. सर्व्हर त्याच्या घड्याळाप्रमाणे आदली तारीख लिहून ठेवतो.
ऐकायला छान आहे. मी एवढंच विचारलं की मग सहा महिन्यांत एकही पेशंट चुकीच्या दिवशी कसा गेला नाही? ती म्हणाली, तेच मला कळत नाहीये. मी म्हटलं, अनुभवाने कळेल.

१ मार्च, शुक्रवार
शंकाबाईने स्क्रीनवर करून दाखवलं. १० भरले, ९ आले. मी म्हटलं, ब्राउझर बदल. बदलला. ९. मोबाइलवर कर. ९. अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवर कर. ९. सगळीकडे एकच उत्तर येतं, याचा अर्थ कोड पक्का आहे. कच्चा असता तर कुठे ८, कुठे ११ आले असते.
चिडायचं नाही, असा संकल्प होता. चिडलो नाही. फक्त मोठ्याने बोललो.

५ मार्च, मंगळवार, दुपारी
जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले असताना कोड उघडला. यादी दाखवताना प्रत्येक तारखेत एक दिवस मिळवला. एक ओळ. जुन्या नोंदी, नव्या नोंदी, सगळ्या एका फटक्यात बरोबर. असल्या गोष्टींना ती पोरगी आठवडा लावणार होती, सर्व्हर काय, घड्याळ काय!
कुणाला सांगितलं नाही. चूक नव्हतीच, मग कबूल काय करायचं?
शंकाबाईला म्हटलं, परत एकदा नीट बघ. १० भरले, १० आले. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. काय बदललंत, विचारलं. म्हटलं, काही नाही, सिस्टिमला कधीकधी वेळ द्यावा लागतो. तिने वहीत काहीतरी लिहिलं. लिहू दे. मग म्हणाली, हॉस्पिटलला कळवायला हवं का? जे बदललंच नाही ते काय कळवायचं? माझ्या या उत्तरावर तिने वही मिटली.

११ मार्च, सोमवार
हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन. ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी त्या यादी छापतात आणि एकेकाला फोन करतात. आवाज खणखणीत. म्हणाल्या, आजींना पंधराला सकाळी आठला घेऊन या, चौदाच्या सकाळपासून डोळ्यात थेंब घाला.
पंधरा? मी तर चौदा भरली होती. शांतपणे विचार केला. बाई माझ्या यादीतून वाचतात. माझी यादी आता तर शंभर टक्के बरोबर आहे. म्हणजे डॉक्टरांनीच दिवस पुढे ढकलला आणि माझ्या सिस्टिमने तो बदल बिनबोभाट सगळ्यांपर्यंत पोचवला. मान्य करायला हवं, मलाही थोडं भरून आलं.
कॅलेंडरवर १४ खोडून १५ केले.

१२ मार्च, मंगळवार
बायको म्हणते, डॉक्टर स्वतः चौदा म्हणाले होते, एक फोन करून विचारायला तुझं काय जातं? मी म्हटलं, स्वतः केलेल्या सिस्टिमबद्दल मीच परक्या माणसांना फोन करून विचारू? उद्या घड्याळजीने रस्त्यात वाजले किती विचारावं तसं होईल ते. बायको म्हणाली, मग मी करते. मी म्हटलं, केलास तर तो माझा अपमान समजेन. तिने केला नाही.
आईने मशीनवरचं झाकण काढून तेलपाणी करून ठेवलंय, हाताने चाचपून. मास्तरांची पँट पहिली नीट करून देणार म्हणते. तिला सांगितलं, पंधराला सगळं लख्ख दिसेल. म्हणाली, तू बघतोयस ना, मग मला काळजी नाही.

१४ मार्च, गुरुवार
सकाळी आईच्या डोळ्यात वेळेवर थेंब घातले.
नऊ ते अकरा मीटिंग. विषय: तारखा एका रात्रीत आपोआप कशा बरोबर झाल्या. शंकाबाईने साहेबांपुढे वही उघडली. मी उभं राहून पंचवीस मिनिटं बोललो. घड्याळ, सर्व्हर, जगातला प्रकाश आणि अंधार, सगळं घेतलं. साहेब मध्येच म्हणाले, पण तू काही बदललंस की नाही? मी म्हटलं, सर, प्रश्न तो नाही.
मीटिंग चालू असताना हॉस्पिटलचे तीन फोन आले. ९.४०, ९.५२, १०.१५. उद्याची आठवण करायला असणार. कापले. उद्या येतोयच की. एक मात्र खरं, त्यांचं काम चोख.

१५ मार्च, शुक्रवार, दुपारी
जेवलो नाही. आधी लिहून काढतो.
आई सकाळी सातलाच तयार. रिक्षाने आठच्या आत पोचलो. रिसेप्शनपुढच्या बाकांवर पाच माणसं. ऑपरेशनच्या खोलीला कुलूप. बाईंनी आम्हाला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.
डॉक्टर काल येऊन गेले. काल सकाळी नऊला ते हजर आणि पेशंट एकही नाही. बाईंनी भराभर फोन लावले. चार जण जवळ राहणारे, त्यांनी फोन उचलले, धावत आले, त्यांची ऑपरेशनं झाली. साडेअकराच्या गाडीने डॉक्टर परत गेले. बाई मला म्हणाल्या, तुम्हाला तीन वेळा लावला, तीनदा कापलात.
मी म्हटलं, पण पंधरा तुम्हीच सांगितलीत. त्यांनी खणातून यादी काढून पुढे टाकली. छापलेली तारीख १४. शेजारी पेन्सिलने, गोल अक्षरात, १५. मग मागच्या याद्यांचा गठ्ठा काढला. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर. प्रत्येक पानावर प्रत्येक नावापुढे पेन्सिलने एक दिवस वाढवलेला. म्हणाल्या, तुमची वेबसाइट पहिल्या दिवसापासून एक दिवस मागे सांगते, पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. मी आपली मिळवून घेते. तुम्हाला कशाला त्रास, कॉम्प्युटरचं असंच असतं. डॉक्टर कधी येणार तेही मला तुमच्याच यादीतून कळतं. या वेळी तुम्ही आतून सुधारलंत होय? मग एक फोन नाही का करायचा?
मी यावर बरंच काही बोलू शकलो असतो. छापील कागदावर पेन्सिल चालवायचा अधिकार कोणाला असतो, इथून सुरुवात करणार होतो. तेवढ्यात आई उठली. तिला वाटलं लोक घाबरलेत. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, काळजी करू नका हो, ही वेबसाइट माझ्या मुलानेच केलीये, तो आत्ता बघून देईल.
पाच माणसांनी माझ्याकडे बघितलं. त्यातल्या एका आजोबांनी काल फोन उचलला होता, ते पट्टी काढायला आले होते. त्यांनी एका डोळ्याने बघितलं.
डॉक्टर आता पुढच्या महिन्यात. रिक्षात आई म्हणाली, होतं असं, एक महिना काय, जाईल. मला फार वाईट वाटलं. इतकं की घर येईपर्यंत तिच्याकडे बघवलं नाही.

१८ मार्च, सोमवार
शांत डोक्याने विचार केला. चूक पेन्सिलची आहे. त्या बाईंनी सहा महिने गुपचूप सुधारलं नसतं तर पहिल्याच आठवड्यात तक्रार आली असती आणि मी पाच मिनिटांत दुरुस्त केलं असतं. तक्रार न करून त्यांनी माझी फसवणूक केली. असं सविस्तर मेलमध्ये लिहून साहेबांना पाठवलं. दोन पानं.
साहेबांचं उत्तर एका ओळीत. हॉस्पिटलचं काम आजपासून टेस्टरकडे.

१९ मार्च, मंगळवार
शंकाबाईने माझी ओळ काढून टाकली. आता तारीख ही नुसती तारीख म्हणूनच ठेवली जाते, तिला रात्रीचे बारा चिकटवत नाहीत, त्यामुळे सर्व्हर कुठल्याही देशात असो, तिला काही होत नाही. जुन्या नोंदीही एकेक तपासून नीट केल्या. हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं. आणि कोड बदलायच्या आधी तिने रिसेप्शनच्या बाईंना फोन केला, वीस मिनिटं बोलल्या दोघी. हसत होत्या. वीस मिनिटं! याला काम म्हणतात?
माझा हॉस्पिटलचा पासवर्ड बंद केलाय. माझ्याकडे आता एका जिमची वेबसाइट. तिथे तारखा नाहीत. बटणांचे रंग ठरवायचे आहेत.

२ एप्रिल, मंगळवार
बायकोने सांगितलं, आईचं ऑपरेशन बारा एप्रिलला, शुक्रवारी. तिने स्वतः हॉस्पिटलला जाऊन नाव लावलं, फॉर्म न भरता. मी म्हटलं, याला मागासलेपण म्हणतात. ती म्हणाली, म्हण.
मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. या वेळी सगळी सूत्रं माझ्या हातात. बारा तारखेची रजा टाकली, मंजूर झाली. तक्ता केला: थेंब, रिक्षा, कागदपत्रं, मागच्या वेळचे रिपोर्ट. बारा तारखेला मोबाइल पूर्ण चार्ज, आवाज फुल्ल. कोणाचाही फोन आला तरी उचलायचा, जाहिरातीचा असला तरी.

१० एप्रिल, बुधवार
तक्ता तिसऱ्यांदा तपासला. आईला विचारलं, भीती वाटते का? नाही म्हणाली. बायकोला उद्या रजा आहे, घर आवरायचंय म्हणे. शुक्रवारी रजा घ्यायची सोडून गुरुवारी घेतली. नियोजन म्हणून काही असतं की नाही! बोललो नाही. चिडायचं नाही.

११ एप्रिल, गुरुवार, संध्याकाळी
सकाळी तक्त्याप्रमाणे थेंब घालून ऑफिसला गेलो, सहाला घरी आलो. उद्याच्या थेंबांची बाटली मुद्दाम नवी घेऊन आलो होतो. आई खुर्चीत बसलेली. डाव्या डोळ्यावर पट्टी.
ऑपरेशन आज झालं. डॉक्टर आजच आले होते. उत्तम झालं म्हणाले, उद्या पट्टी निघेल. बायकोने कालपासूनच थेंब घातले होते; ती आणि आई सकाळी मी ऑफिसला गेल्यावर निघाल्या आणि दीडला परत आल्या. मी म्हटलं, मला तर बारा तारीख सांगितली होतीत. बायको म्हणाली, हो, तुला एक दिवस वाढवून सांगितली. रिसेप्शनच्या बाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या, बरोबर करताय, आम्ही सहा महिने तेच करत होतो.
मी बॅग खाली ठेवली. आवाज चढवून विचारलं, कोणाच्या डोक्यातून निघालं हे? बायकोने आईकडे बघितलं.
आई म्हणाली, माझ्या. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही रे. पण डोळा एकच आहे.
थेंबांची नवी बाटली टेबलावर ठेवली. उद्याची रजा मंजूर आहे. दर चार तासांनी थेंब घालायचे आहेत, वेळा बायकोने कागदावर लिहून ठेवल्यात.