एका बाडातले दोन वैरी

हर्नडन, ४ मार्च २०२५

ती. रवीदादास,
नीलांबरीचा सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. निवडणुकीवरून फराळाच्या टेबलावर भांडलो, त्याला चार महिने झाले. बशी तशीच टाकून तू पार्सिपनीला निघून गेलास. मीही काही कमी बोलले नव्हते. परवा रुचाकडून कळलं, सतरा तारखेला तुझी बायपास आहे. सख्ख्या बहिणीला हे भाचीनं सांगावं? आधी रडले, मग चिडले.

लायब्ररीत मी सध्या दोनशे वर्षांपूर्वीची इथली अमेरिकन वर्तमानपत्रं स्कॅन करते. तेव्हा प्रत्येक छापखाना कुठल्या तरी पक्षाचा. एकाच गावातले दोन संपादक एकमेकांना गाढव, देशबुडवे म्हणत. ती पिवळी पानं उलटताना माझी तंद्री लागते. ओल्या शाईचा वास येतो, छपाईचे खिळे जुळवता जुळवता कुणी पुटपुटतंय असं वाटतं.

परवा एका बाडात अशाच दोन वैरी संपादकांचे अंक एकत्र बांधलेले निघाले. बायंडरची चूक समजून मी ते वेगळे करायला घेतले. लायब्ररीतल्या आमच्या प्रीताताईंनी थांबवलं. म्हणाल्या, तेव्हा संपादक एकमेकांना अंक पाठवत, पोस्टही ते फुकट पोचवत असे. हे बाड त्यांतल्याच एकाचं. दर आठवड्याला वैऱ्याचा अंक वाचून तो चिडायचा, आणि जपून ठेवायचा. एकदा अंक आला नाही, तर यानं स्वतःच्या अंकात छापलंय, गृहस्थ आजारी तर नाहीत ना? दादा, ती ओळ वाचली आणि तुला हे पत्र लिहायला घेतलं.

सोळाला येऊ का? राजकारणावर अवाक्षर काढणार नाही.

रागासकट तुझा लोभ हवा आहे.
नीलू

पार्सिपनी, १० मार्च २०२५

चि. नीलूस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. अवाक्षर काढणार नाहीस यावर रुचासुद्धा हसली. मी मात्र खिडकीशी बसून तीनदा वाचलं. बाहेर बर्फ वितळत होतं, आणि कितीतरी वेळ मला आपण दोघं लहानच आहोत असं वाटत राहिलं.

कळवलं असतं तर तू धावत आली असतीस, आणि मी नमतं घेतल्यासारखं झालं असतं. एवढाच मूर्खपणा. भीती वाटते गं. तुझी सीमावहिनी गेल्यापासून हे कोणाशी बोललो नव्हतो.

ये. तसंही तुला यावंच लागलं असतं. गेल्या महिन्यात हॉस्पिटलनं एक फॉर्म दिला. मी शुद्धीवर आलो नाही, तर उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हे कोणी ठरवायचं? पोरीवर ते ओझं नको. मत कोणाला द्यावं हे तुला जन्मात कळणार नाही. पण त्या रकान्यात मी तेव्हाच तुझं नाव लिहिलंय.

लोभ कधी आटला नव्हता, आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा